पाणक्याची शेवटची फेरी

लीव्हन ओटेव्हार आपल्या कारकिर्दीतली शेवटची शर्यत जिंकला.

असं काही घडलेलं नाही. वरचं वाक्य चुकून कोणी वाचलं असेल तर त्यांनी ते डोक्यातून काढून टाकावं आणि पुढे यावं. अधिकृत निकालपत्रात ते नाही, आणि मी काही निकालपत्रापेक्षा मोठा नाही.

तर, लीव्हन. आल्मेरे या डच गावात आमच्या ओळीत माझं घर शेवटचं आणि त्याचं शेवटून दुसरं. माणूस बेल्जियमचा, पस्तिशीचा, धंद्याने सायकलपटू. मी ऑफिसला जातो तसा तो सायकलवर जायचा. त्याची बायको आनेलीस इथल्या शाळेत शिकवते म्हणून तो इथे राहायला आला, नाहीतर सायकलपटूने आल्मेरेत राहण्याचं काहीच कारण नाही. जगभरातले सायकलपटू सरावासाठी डोंगरातली गावं शोधतात. आल्मेरे हे समुद्र आटवून केलेलं गाव आहे, म्हणजे लीव्हनने सरावाला समुद्राचा तळ निवडला. चढ म्हणून त्याला स्टेशनजवळचं पाच मजली पार्किंग होतं. त्यात तो एका सकाळी चाळीस वेळा वर-खाली करायचा आणि दर वेळी आत शिरताना दांडा उचलणारं यंत्र त्याला एक पावती द्यायचं. घरी आल्यावर आनेलीस त्याच्या पाठीवरच्या खिशांतून पावत्या काढत बसायची. पावत्यांच्या हिशेबाने त्याच्या चाळीस गाड्या अजून आतच आहेत.

त्याची कारकीर्द चौदा वर्षांची. विजय शून्य.

तो वाईट सायकलपटू होता असं नाही. उलट तो इतका चांगला होता की चौदा वर्षं त्याला कोणीही कामावरून काढलं नाही. त्याचं कामच न जिंकण्याचं होतं. या खेळात संघात एक जण जिंकण्यासाठी असतो आणि बाकीचे त्याला जिंकवण्यासाठी. त्याला वारा लागू नये म्हणून पुढे राहायचं, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं, आणि मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपर्यंत जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या. डच भाषेत अशा माणसाला सरळ पाणक्या म्हणतात, आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नाही. लीव्हन एका वेळी नऊ बाटल्या आणायचा. तीन पाठीच्या खिशांत, दोन सायकलला, चार सदऱ्याच्या आत. वाटेत भेटला तर गरोदर बाई घाईघाईने दवाखान्यात निघाली आहे असं वाटे.

संघाचं नाव चौदा वर्षांत चार वेळा बदललं. आधी गाद्यांची कंपनी, मग गॅरेजच्या दारांची, मग बटाट्याच्या चिप्सची, मग पुन्हा गाद्यांची, शेवटी श्रवणयंत्रांची. लीव्हन तोच राहिला. एकदा स्पेनमधल्या एका डोंगरात त्याने आपलं पुढचं चाक काढून संघनायकाला दिलं आणि स्वतः एका चाकाची सायकल धरून रस्त्याच्या कडेला सहा मिनिटं उभा राहिला. नायक ती शर्यत जिंकला. विजयाच्या फोटोत लीव्हन नाही, पण त्याचं चाक आहे. तो फोटो त्याने जिन्यात लावला आहे आणि पाहुण्यांना बोटाने दाखवतो, हे माझं.

टीव्हीवर तो दिसायचा तो जाहिरातींच्या आधी आणि नंतर. शर्यतीचे पहिले चार तास, जेव्हा कोणी बघत नसतं, तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे असे. शर्यत रंगात आली की त्याचं काम संपे आणि तो हळूच मागे जाई.

हे सगळं मला माहीत नव्हतं. मला हे शामलामावशीमुळे कळलं.

शामलामावशी ही माझ्या आईची थोरली बहीण. सांगलीकडच्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठा खात्यात तिने एकतीस वर्षं काढली. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, हे ती ठरवायची. निवृत्त झाल्यावर ती नव्वद दिवसांच्या व्हिसावर माझ्याकडे आली आणि तिसऱ्याच दिवशी मला विचारलं, "राघव, इथे चोवीस तास पाणी असतं?"

"हो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तिने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे इथे माझ्या खात्यातल्या माणसाला काही काम नाही."

त्या आठवड्यात मी झुइडओस्ट भागातल्या माझ्या ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत असताना तिने लीव्हनच्या घरी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पोहोचवला. सायकलवाल्याला शेंगदाणे चालतात, हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. डबा देताना ती दोन बोटं दाखवून म्हणाली, "दोघांनी खा." दुसऱ्या दिवशी लीव्हनने डबा धुऊन रिकामा परत केला. मावशीने त्याला दारातच उभं करून रिकामा डबा परत करत नसतात हे मराठीतून समजावलं. त्याने ते फ्लेमिशमधून मान्य केलं. पुढच्या वेळी डब्यात शर्यतीत खायच्या जेलीच्या बारा पुड्या आल्या. मावशी त्या रोज सकाळी एक, अशक्तपणावर म्हणून, घेऊ लागली. त्या आठवड्यात तिने माझ्या घरातली सगळी कपाटं भिंतीपासून पुढे ओढून मागची जागा पुसून घेतली.

मग आम्ही त्याच्या शर्यती बघू लागलो.

"हा आत्ता पुढे होता," मावशी म्हणायची, "मागे का चालला?"

"त्याचं काम झालं."

"मग घरी सोडतात?"

"नाही. अजून नव्वद किलोमीटर आहेत."

"काम संपलं तरी सहापर्यंत खुर्चीत बसायचं. आमच्यासारखंच."

ऑगस्टमध्ये लीव्हनने कुंपणावरून सांगितलं की सप्टेंबरात तो थांबतोय. शेवटची शर्यत व्हिंकेलहूक नावाच्या गावात, कांद्याच्या शेतांमधून. चौदा किलोमीटरच्या बारा फेऱ्या. आणि संघाने ठरवलंय की त्या दिवशी तो नायक. बाकी सहाजण त्याच्यासाठी सायकल चालवणार.

"मला एकदा जिंकायचंय," तो मला म्हणाला. "कुठलीही चालेल. ही चालेल. दोन्ही हात वर करून रेषा ओलांडायची. हँडल सोडल्यावर माझी सायकल कुठल्या बाजूला जाते तेसुद्धा मला माहीत नाही."

तो हे इतक्या साधेपणाने म्हणाला की मला विनोद सुचला नाही. माझ्यासाठी ही काळजीची बाब आहे.

त्या दिवसापासून तो संध्याकाळी आमच्या गल्लीत सराव करू लागला. शंभर मीटर यायचं, हात वर करायचे, आणि कचऱ्याच्या डब्यावर आदळायचं.

"हे काय चाललंय?" मावशीने खिडकीतून विचारलं.

"जिंकल्यानंतर काय करायचं त्याचा सराव."

"जिंकायच्या आधीच?"

"चौदा वर्षं राहिलंय ना ते."

"मग करू दे. डबा जरा आत ओढून ठेव तू."

शर्यतीच्या दिवशी व्हिंकेलहूकमध्ये बत्तीस डिग्री होतं. डच माणसं सूर्याकडे संशयाने बघत सावलीला उभी होती. मी, मावशी आणि आनेलीस चर्चच्या पलीकडे, जिथे सायकलपटूंना धावत्या सायकलवर बाटल्या देतात, तिथे थांबलो होतो. अर्धी शर्यत झाली आणि आनेलीसला संघाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. बाटल्या देणारी त्यांची दोन माणसं एका उघडणाऱ्या पुलाच्या पलीकडे अडकली होती. पूल बोटीसाठी उघडला होता आणि उन्हाने फुगल्यामुळे आता मिटत नव्हता. अग्निशमन दल त्याच्यावर पाणी मारत होतं. बाटल्यांचे खोके इकडे होते, पण हात नव्हते. तुम्ही तिघं द्याल का?

लहान शर्यतींत घरची माणसं हे करतात. त्यात काही गैर नाही. आम्हाला श्रवणयंत्रांच्या जाहिरातीची तीन जाकिटं मिळाली. मावशीने त्यातलं एक साडीवर चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तिचा चेहरा बदलला. एकतीस वर्षांची नोकरी त्या चेहऱ्यावर परत आली.

तंत्र सोपं आहे. बाटली वरून सैल धरायची, हात लांब करायचा, सायकलपटू ओढून नेतो. मावशीला पहिल्याच फेरीत जमलं. प्रत्येकाला ती "सावकाश रे" म्हणत होती, आणि ते ताशी चाळीसच्या वेगाने जात होते. अडचण एवढीच की ती सगळ्यांना देत होती. निळे, पिवळे, लाल, ज्या संघाशी आपलं काही घेणंदेणं नाही त्यांनाही.

"फक्त पांढरे सदरे," आनेलीस हळूच मला म्हणाली.

मी मावशीला सांगितलं.

"पंक्तिप्रपंच करायला लावतोस?" ती म्हणाली. "एकाला द्यायचं आणि शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचं? नोकरीत करावं लागलं. वरच्या आळीला पाणी सोडलं की खालच्या आळीतली बाई कळशी घेऊन ऑफिसात यायची. आता मला कोणी पगार देत नाही, मी कशाला करू?"

मी आनेलीसला समजावलं, की पंगतीत बसलेल्या एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नाही, याला आमच्याकडे पाप म्हणतात.

"इथे याला संघ म्हणतात," आनेलीस म्हणाली. पण खोका तिनेच मावशीच्या जवळ सरकवला.

रस्त्यावर वेगळाच घोळ चालला होता. लीव्हन सवयीने दोनदा संघाच्या गाडीकडे बाटल्या आणायला मागे गेला. दोन्ही वेळा दोघा सहकाऱ्यांना मागे जाऊन त्याला परत आणावं लागलं. तिसऱ्यांदा तो वळून बघायला लागला तेव्हा एकाने त्याचा सदराच धरला. दहाव्या फेरीत त्यांनी त्याला अक्षरशः पुढे ढकललं. अकराव्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढे होता, आणि त्याच्याबरोबर एकच जण, टाइस नावाचा बावीस वर्षांचा डच मुलगा, निळ्या संघाचा. बाकीचे पाऊण मिनिट मागे.

घंटा वाजली. शेवटची फेरी. या फेरीत रस्त्यावरून कोणी कोणाला पाणी द्यायचं नाही, असा नियम. आमच्या समोर उभ्या असलेल्या पंचाने दोन्ही हातांची फुली करून दाखवलं की बंद. आनेलीस शेवटच्या रेषेकडे धावत गेली.

"मावशी, आता बंद," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

इथे चूक माझी आहे. मी चुका शोधायचा पगार घेतो आणि त्या क्षणी मी फोनवर ते किती पुढे आहेत ते बघत होतो, जेव्हा ते माझ्या समोरून येत होते. मान वर केली तेव्हा मावशी रस्त्याच्या कडेला गेलेली होती. हातात शेवटची बाटली. टाइसच्या ओठांवर मिठाची पांढरी रेघ होती, सायकल नागमोडी चालली होती. लीव्हनचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्या चेहऱ्याला कोणाची सोय बघायची नव्हती. तो फक्त पुढे बघत होता.

मावशीने हात लांब केला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं दाखवली. "दोघांनी घ्या."

लीव्हनला नियम माहीत होता. माझी खात्री आहे, त्याच्या डोक्याने नाही म्हटलं असणार. पण हात डोक्याला विचारायला थांबला नाही. चौदा वर्षांत समोर आलेली एकही बाटली त्या हाताने सोडली नव्हती. त्याने ती घेतली, दातांनी झाकण उघडलं, आणि स्वतः एक थेंबही न पिता शेजारच्या पोराच्या हातात दिली.

समोरच्या पंचाने वहीत काहीतरी लिहिलं.

मी मावशीकडे बघितलं. "बंद म्हणालो होतो ना."

"बंद म्हणजे नवीन पाणी बंद," ती म्हणाली. "हे दोघं वाटेवर होते. वेळ संपली म्हणून शेवटच्या दोन घरांचे नळ कोरडे ठेवत नसतात."

पुढचे तेरा किलोमीटर टाइस टिकला. पाण्यानेच टिकला. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये दोघं खांद्याला खांदा लावून आले आणि लीव्हनचं पुढचं चाक एका वितीने आधी रेषेवरून गेलं. हात वर करायला सवड नव्हती. रेषेच्या पुढे ऐंशी मीटरवर, सगळं संपल्यावर, त्याने ते वर केले. सायकल डावीकडे जाते.

आनेलीस रडत होती. त्याचे सहा सहकारी एकामागून एक येऊन त्याच्या अंगावर पडत होते, आणि ते चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यासाठी थकले होते. व्हिंकेलहूकची रीत अशी की विजेत्याला त्याच्या वजनाइतके कांदे देतात. लीव्हनला धान्याच्या जुन्या काट्यावर एका बाजूला बसवलं, दुसऱ्या बाजूला कांद्याची पोती चढू लागली. एकसष्ट किलोपर्यंत आले. काटा हलला. आणि मुख्य पंच गर्दीतून वाट काढत आल्या, हातात ती वही.

त्या सभ्य बाई होत्या. त्यांनी लीव्हनला काट्यावरून उतरायला हात दिला.

टाइस पुढे झाला. "पाणी मी प्यायलो. मला काढा."

"तुम्ही रस्त्यावरून घेतलं नाही," मुख्य पंच म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्या स्पर्धकाकडून घेतलं. त्याला परवानगी आहे."

"तो माझ्या संघाचासुद्धा नाही."

"त्यालाही परवानगी आहे."

मग मावशी गेली. जाकीट अजून अंगात होतं. तिने तिच्या ऑफिसातलं इंग्रजी काढलं. "मॅडम, चूक वाटप करणाऱ्याची आहे, लाभार्थ्याची नाही. नोटीस मला द्या."

"तुम्ही शर्यतीत नाही, त्यामुळे तुम्हाला बाद करता येत नाही."

"मग आधी मला शर्यतीत घ्या आणि मग काढा."

मुख्य पंचांनी यावर खरोखर विचार केला. डच माणसं प्रत्येक सूचनेवर विचार करतात. मग म्हणाल्या, नावनोंदणी सकाळी नऊला संपली.

टाइसला काट्यावर बसवलं. तो अडुसष्ट किलोचा निघाला, म्हणून आणखी सात किलो कांदे आणावे लागले. तो तिथे असा बसला होता जसं काही त्याला शिक्षा म्हणून बसवलंय. उतरल्यावर त्याने सरळ एक पोतं उचललं आणि लीव्हनपुढे आणून ठेवलं. लीव्हनने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि विचारलं, "पोटऱ्यांतले गोळे सुटले का?"

म्हणजे शेवटच्या शर्यतीतही लीव्हनने विजेत्याला पाणी नेऊन दिलं. मी त्याला गाडीजवळ गाठून म्हणालो की ती बाटली तू स्वतः टाकून दिली असतीस तर पोरगा मागे पडला असता, तू तरीही बाद झाला असतास, पण निदान एकटा, हात वर करून आला असतास.

"मी कधी एकटा पुढे गेलेलो नाही," तो म्हणाला. "तिथे काय करतात ते मला माहीत नाही." मग बूट काढत म्हणाला, "चाक माझं आधी होतं. मी पाहिलं. टाइसनेही पाहिलं. दोन साक्षीदार खूप झाले."

मला विनोद सुचला नाही. दुसऱ्यांदा.

मावशीशी तो नेहमीसारखाच वागला, आणि तेच तिला सोसवेना. तो रागावला असता तर तिने त्याला उलट काहीतरी सुनावलं असतं आणि दोघं मोकळे झाले असते. त्याऐवजी त्याने तिची गाडीतली जागा सावलीच्या बाजूला ठेवली. आल्मेरेपर्यंत ती जाकिटाची चेन वर-खाली करत राहिली. पोचल्यावर हातपाय धुतले, चष्मा लावला आणि माझ्याकडे आखीव कागद मागितला. आखीव कागद नव्हता. तिने पट्टी घेऊन प्रिंटरच्या कागदावर स्वतः रेघा मारल्या. तिचं विमान गुरुवारी होतं. अर्ज पूर्ण व्हायला तीन दिवस लागले, कारण तिच्या मते पहिल्या दोन मसुद्यांत अर्जदाराचा पश्चात्ताप दिसत होता आणि सरकारी अर्जात तो दिसता कामा नये. मी तो डचमध्ये करून पाठवला. मूळ असा:

प्रति,
मा. मुख्य पंच,
व्हिंकेलहूक सायकल शर्यत.

विषय : शेवटची फेरी नव्याने घेण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त शर्यतीच्या बाराव्या फेरीत स्पर्धक श्री. लीव्हन ओटेव्हार यांना नियमबाह्य पाणी पुरवण्यात आले. सदर पुरवठा अर्जदाराने केला असून त्यात स्पर्धकाने एकही थेंब स्वतः वापरलेला नाही. श्री. ओटेव्हार यांची चौदा वर्षांची सेवा विचारात घेता, सदर बारावी फेरी तेवढी नव्याने घेण्यात यावी, तीच उष्णता आणि तोच वारा उपलब्ध करून द्यावा, आणि श्री. टाइस यांना त्याच थकव्यासह हजर राहण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. फेरी चालू असताना अर्जदार रस्त्यापासून वीस मीटर दूर, दोन्ही हात मागे बांधून उभी राहील, अशी हमी याद्वारे देण्यात येत आहे. तथापि त्या वेळी कोणाही स्पर्धकास, तो कोणत्याही संघाचा असो, तहान लागल्याचे अर्जदाराच्या निदर्शनास आल्यास सदर हमी आपोआप रद्द समजण्यात यावी, आणि तशा परिस्थितीत फेरी तिसऱ्यांदा घेण्यात यावी.